४.८ गिगाहर्ट्झ आणि रामबागेतली मे महिन्याची दुपार

फेब्रुवारीत रात्री बसून मी कॉम्प्युटरचा प्रोसेसर, इंटेलचा आय-फाइव्ह ८६००के, ओव्हरक्लॉक केला, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवला. सहा कोअर, मूळ वेग ३.६ गिगाहर्ट्झ, टर्बोला, म्हणजे गरजेला स्वतःहून वाढतो तेव्हा, ४.३. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) मल्टिप्लायर, म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या किती पट वेग हवा तो आकडा, ४८ केला, व्होल्टेज ऑटोवरच राहू दिलं. सिनेबेंच हा प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा चाचणी-प्रोग्रॅम दहा मिनिटं चालवला, सगळ्यात गरम कोअर ८० अंशांवर थांबला. मी लग्न-मुंजींचे व्हिडिओ एडिट करतो, त्यामुळे रेंडरमधली, म्हणजे अंतिम व्हिडिओ तयार होतानाची, वाचलेली मिनिटं माझ्यासाठी मोलाची आहेत.

मे उजाडला, लग्नसराई भरात आली, आणि दुपारी रेंडर लावला की आकडा थेट १०० वर जाऊ लागला. ही या चिपची कमाल मर्यादा. तिथं पोचली की ती स्वतःला वाचवायला वेग कमी करते. माझा ४.८ चा क्लॉक, म्हणजे वेग, ४.३ वर येऊन बसायचा, म्हणजे केलेलं सगळं पाण्यात.

प्रोसेसरवरचा कूलर बिघडला, असंच मी धरून चाललो. ब्लोअरनं धूळ काढली, पंख्याचा वेग वाढवला, कॅबिनेटची बाजूची झाकणी काढून पाहिलं. झाकणीनं जेमतेम दोन-तीन अंश उतरले, म्हणजे हवा कोंडण्याचा प्रश्न मोठा नव्हता. इथल्या, इंदूरच्या, सिल्व्हर मॉलमधल्या एका दुकानात विचारलं, तर ते म्हणाले, "लिक्विड कूलर लगवा लो भिया." मी जवळजवळ पैसे मोजणारच होतो.

त्या संध्याकाळी आई म्हणाली, "अरे, गच्चीखालची खोली ती. दुपारी आपल्याला तिथं बसवत नाही. रात्री लाव ना तुझं काम." माळव्याच्या रात्री गार असतात हे मला लहानपणापासून माहीत, पण खोलीचं तापमान मोजावं हे सुचलं नव्हतं. साधा थर्मामीटर आणून टेबलावर ठेवला. पहाटे पाचला खोली २९, कोअर ८८. दुपारी तीनला खोली ४०, कोअर ९९. दोन्ही वेळा फरक ५९ अंशांचाच! कूलर फेब्रुवारीत जे करत होता तेच आताही करत होता. हवेचा कूलर खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही, तो फक्त हा फरक राखतो. तेव्हापासून वहीत मी कोअरचा आकडा एकटा कधीच लिहिला नाही. शेजारी खोलीचा असतोच.

आता फरकच कमी करायचा होता. एक कोअर बाकीच्यांपेक्षा १० अंशांनी जास्त तापत होता आणि लोड पडताच क्षणात उसळत होता. हवा कमी पडली तर तापमान मिनिटामिनिटानं चढतं. असं क्षणात उसळलं की कूलरची बैठक तपासावी. कूलर काढला, तर चिपची उष्णता कूलरपर्यंत पोचवणारी मधली पेस्ट एका बाजूला जाड, दुसरीकडे नुसती पातळ. बसवताना मी एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलो होतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, मधोमध वाटाण्याएवढी नवी ठेवली, आणि समोरासमोरचे स्क्रू थोडे-थोडे करत आवळले. फरक ५३ वर आला. याच्या पुढच्या पिढीच्या के-चिपमध्ये (ओव्हरक्लॉक करता येणाऱ्या) इंटेलनं धातूच्या झाकणाखाली सोल्डर वापरलं, माझ्या चिपमध्ये तिथंही पेस्टच आहे; ती उघडायची माझी हिंमत नाही.

खरा लाभ झाला तो व्होल्टेजमुळे. रेंडर चालू असताना व्हीकोर, म्हणजे कोअरना मिळणारं व्होल्टेज, पाहिला: १.३८ व्होल्ट. मल्टिप्लायर वाढवला की ऑटोवरचा मदरबोर्ड सुरक्षित राहण्यासाठी गरजेपेक्षा जास्त देतो, आणि उष्णता ढोबळमानानं व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हातानं १.२२ दिलं, वीस मिनिटांत निळी स्क्रीन येऊन कॉम्प्युटर बंद पडला. १.२४ दिलं, रात्रभर चाचणी चालली, एकही चूक नाही. वर्गाच्या हिशेबानं उष्णता सुमारे १९ टक्के कमी व्हायला हवी होती. फरक ५३ वरून ४३ वर आला, हिशेब जुळला.

काल दुपारी तीनला खोलीत ४० होते. एका मुंजीचा रेंडर पूर्ण झाला, सगळ्यात गरम कोअर ८३, आणि क्लॉक शेवटपर्यंत ४.८.