डग्लस बंदर मागायला का गेले?

तुम्ही विचारलंत म्हणून. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या दास्यमुक्तीवाद्यांना अर्पण केली, त्यांच्यातलं मोठं नाव फ्रेडरिक डग्लस. स्वतः गुलामीतून पळालेला हा माणूस कॅरिबियनमधल्या हैतीसारख्या काळ्या प्रजासत्ताकाकडे अमेरिकेसाठी बंदर मागायला गेलाच कसा, हा तो प्रश्न.

गेले, हे खरं. १८८९ पासून ते तिथे अमेरिकेचे राजदूत होते. हवं होतं मोल सेंट निकोलस, हैतीच्या वायव्य टोकाचं, क्यूबासमोरचं बंदर. वाफेच्या युद्धनौकांना वाटेत कोळसा भरावा लागे, आणि मोल हाती आलं की क्यूबा-हैतीमधली सागरी वाट नजरेखाली येई. डग्लस यांचा अशा ठाण्याला मुळात विरोध नव्हता. हे झाकू नये. १८७१ मध्ये तर शेजारचं सांतो दोमिंगो (आजचं डॉमिनिकन रिपब्लिक) अमेरिकेत सामील व्हावं असंच त्यांचं मत होतं. गुलामी गेली, काळ्यांना मताधिकार मिळाला, मग अशा देशात येणाऱ्याचं भलंच होईल, हा त्यांचा हिशेब. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तो मताधिकारच हिरावला गेला आणि हिशेबाचा पाया खचला.

जानेवारी १८९१ मध्ये अमेरिकी नौदलाचे अ‍ॅडमिरल घेरार्डी बोलणी करायला आले आणि डग्लस बाजूला पडले. हैतीचे परराष्ट्रमंत्री आंतेनॉर फिर्मां यांनी आधी अमेरिकी अध्यक्षांच्या सहीचं अधिकारपत्र मागितलं. ते यायला एप्रिल उजाडला, आणि तोवर हैतीची राजधानी पोर्तोप्रँससमोर आणखी युद्धनौका नांगरल्या होत्या. फिर्मांनी नकार दिला. असा हक्क दुसऱ्या कुठल्या देशाला देऊ नये ही अमेरिकेची अट सार्वभौमत्वाच्या आड येत होती. शिवाय तोफांसमोर दिलेला होकार जगाला धाकाचाच वाटला असता.

अमेरिकी वर्तमानपत्रांनी खापर फोडलं डग्लस यांच्यावर. राजीनामा देऊन त्यांनी त्याच वर्षी ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ या नियतकालिकात दोन लेख लिहिले. एका हातात लेखणी आणि दुसऱ्या हातात तलवार घेऊन आपण एका दुबळ्या राष्ट्रापुढे उभे राहिलो, असं त्यांनी त्यांत म्हटलं. मला त्यांच्या परराष्ट्रविचाराचं मर्म इथे सापडतं: ठाणं हवं असेल तर मागा, पण ज्याच्याकडे मागता त्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक हवी. हैती १८०४ मध्ये स्वतंत्र झाला, अमेरिकेने त्याला मान्यता दिली १८६२ मध्ये. तिथल्या लोकांच्या मनातला संशय कुठून आला, हे डग्लस यांना नीट ठाऊक होतं.

१८९३ च्या शिकागोतल्या जागतिक प्रदर्शनात ते हजर होते ते हैतीच्या दालनात, हैती सरकारने नेमलेले प्रतिनिधी म्हणून.