पायांच्या मुंग्या आणि ‘शुगरमुळेच असणार’

रिपोर्टवर ‘पेरिफेरल न्यूरोपॅथी’ लिहून आलं म्हणजे निदान झालं, असं नाही. हातापायांच्या नसांना इजा झाली आहे, एवढंच त्यातून कळतं. ती कशाने झाली, हे शोधायचं काम बाकीच असतं. माझ्या बाबतीत ते सुरू व्हायलाच वेळ लागला, कारण मला मधुमेह आहे. पायांना मुंग्या, मधुमेही बाई. आणखी काय विचारायचं? वेदनेसाठी प्रीगॅबालिन सुरू झालं. रात्रीची जळजळ कमी झाली, झोप लागू लागली. पण हे औषध दुखणं दाबतं, नस दुरुस्त करत नाही. बधिरपणा बोटांकडून घोट्यापर्यंत सरकतच राहिला.

मला खटकत होतं ते वेगळंच. माझं एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) कित्येक वर्षं ७ च्या आत होतं, म्हणजे साखर आटोक्यात होती. आणि तोंडाला साबण लावून डोळे मिटले, की बेसिनपाशी तोल जायचा. हे मी न्यूरॉलॉजिस्टना सांगितलं, तर त्यांनी लगेच पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला लावलं. मी डुललेच. पाय नेमके कुठे आहेत हा निरोप नसांकडून नीट पोचत नसला, तर ती उणीव डोळे भरून काढतात. ते मिटले की पितळ उघडं पडतं. मग ट्यूनिंग फोर्क अंगठ्यावर ठेवला. थरथर जाणवेना. घोट्यामागे हातोडी मारली, पाऊल हललं नाही.

एनसीव्ही, म्हणजे नसांमधून निरोप किती वेगाने जातो ते मोजणाऱ्या तपासणीची उगाच धास्ती घेतली होती. विजेचे छोटे चटके बसतात, सहन होतात. ती नसांमधल्या जाड तंतूंचीच कामगिरी मोजते. जळजळ बारीक तंतूंमुळे होते. फक्त तेच बिघडले असतील तर हा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि कधी त्वचेचा बारीकसा तुकडा तपासावा लागतो. माझ्यात जाड तंतूही बिघडलेले निघाले. पायांत जास्त, हातांत जवळजवळ काही नाही. सर्वांत लांब नसा पायांपर्यंत जातात, त्यामुळे बहुतेक वेळा सुरुवात तिथूनच होते.

पण कारण सापडलं ते प्रश्नांमधून. घरात कोणाला असा त्रास? दारू? थायरॉइड, किडनी? केमोथेरपी? क्षयाची औषधं? (त्यातल्या आयसोनियाझिडने शरीरातलं बी६ जीवनसत्त्व कमी होतं. गंमत म्हणजे बी६ अति झालं तरी नसा बिघडतात, म्हणून ‘नसांच्या गोळ्या’ मनाने घेत राहू नयेत.) कुष्ठरोगाच्या शक्यतेने त्वचेवरचे चट्टेही पाहिले. शेवटी मधुमेहाच्या गोळ्या विचारल्या. मेटफॉर्मिन, बरीच वर्षं. त्यावर म्हणाल्या, “बी१२ कधी तपासलंय?”

कधीच नाही. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यावर बी१२ कमी होऊ शकतं, हे मला तेव्हा कळलं. हिमोग्लोबिन उत्तम होतं, म्हणून कोणाला शंकाही आली नसावी. पण रक्तक्षय नसतानाही बी१२ अभावी नसा बिघडू शकतात, मज्जारज्जूसुद्धा. इंजेक्शनं सुरू करण्याआधी रक्त घ्यायचं, असं त्यांनी बजावलं. एकदा बी१२ घेतलं की आकडा वाढतो आणि मूळ चित्र दिसत नाही. माझा आकडा २४० आला, म्हणजे धड कमीही नाही, पुरेसाही नाही. म्हणून बी१२ कमी पडलं की रक्तात साचणारं मिथाइलमॅलोनिक आम्ल तपासलं. ते वाढलेलं निघालं, तेव्हा पेशींना बी१२ पुरत नाही हे नक्की झालं. सोबत प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसही केली, रक्तातल्या विकृत प्रथिनांसाठी. ती स्वच्छ होती. अनेकांना एवढं करूनही कारण मिळत नाही, म्हणून मी स्वतःला नशीबवान समजते.

शुगरचा वाटा अजिबात नाही, असं डॉक्टर म्हणत नाहीत. दोन्ही कारणं एकत्र नांदू शकतात. पण बी१२ भरून काढता येतं. इंजेक्शनं झाली, आता गोळी चालू आहे. नस वाढते दिवसाला साधारण एक मिलिमीटर, तेही मूळ पेशी शाबूत असेल तर. तेव्हा घाई करून उपयोग नव्हता. तोल सुधारला, प्रीगॅबालिन डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केलं. बोटांची टोकं अजून बधिर आहेत, कदाचित तशीच राहतील. मेटफॉर्मिन चालूच आहे, वर्षातून एकदा बी१२ पाहतो. रोज आरशात तळपाय तपासते, कारण जखम झाली तर दुखून कळणार नाही.

माझं सगळं संथपणे घडलं. काही दिवसांतच अशक्तपणा पायांतून वर चढू लागला, तर ते वेगळं प्रकरण असू शकतं. तेव्हा तपासण्यांची यादी करत बसू नये, तडक इमर्जन्सी गाठावी.