परीक्षेत आणू नकोस

शुक्रवारी दुपारी चारला ठाण्याच्या तलावपाळीवरच्या टपरीतून आलं ठेचल्याचा वास आला आणि पाय थांबले. आम्हा ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे, आणि त्याच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, मी मोठ्या तोऱ्यात चहा सोडलाय. टपरीवाल्याने सवयीने ग्लास पुढे केला.

“सोडलाय.”

“शुगर निघाली का काय?” त्याने काळजीने विचारलं.

याला आता चाळीस दिवसांचं कुठून सांगू? “हो,” म्हणालो. म्हणजे चहा टाळला आणि खोटं बोललो. जमाखर्च कसा लावायचा, देव जाणे.

आमच्या घरी येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना दोन मराठीत चालायची. पप्पा इथल्या चरईतले कॅथलिक, आई नगरची प्रोटेस्टंट. रात्री जेवणाआधी सगळे उभे राहायचे, सुरुवात एका सुरात व्हायची आणि शेवटाकडे फाटा फुटायचा. पप्पा म्हणायचे, ‘मोहात पडू देऊ नकोस’, आई म्हणायची, ‘परीक्षेत आणू नकोस’. ‘वाईटापासून’ला दोघं पुन्हा भेटायचे. मी कायम आईच्या पार्टीत. उपवासकाळ नेमका वार्षिक परीक्षेच्या तोंडावर यायचा, त्यामुळे ती ओळ मी डोळे घट्ट मिटून, अगदी पोटातून म्हणायचो. सातवीत तरीही भूमितीचा पेपर झालाच. मी रडत तक्रार केली, तर पप्पा म्हणाले, “म्हणून सांगतो, माझ्यासारखं म्हण.”

भूमिती येत नसली तरी एक हिशोब मला पक्का यायचा. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे पवित्र शनिवारपर्यंत, दिवस भरतात 46. सहा रविवार वजा केले की 40. म्हणजे रविवार उपवासात धरत नाहीत! मग आठवडाभर सोडलेल्या लिमलेटच्या गोळ्या मी रविवारी चर्चमधली उपासना, म्हणजे मिस्सा, सुटल्यावर एका बैठकीत संपवायचो. जीभ सोमवारपर्यंत नारिंगी.

पुढे कळलं, हा घोळ आमच्या घरापुरता नव्हता. मूळ ग्रीकमध्ये शब्द एकच, पेइरास्मोस. त्याचा अर्थ परीक्षाही होतो आणि मोहही. 2017 मध्ये खुद्द पोप फ्रान्सिस यांनी या ओळीवर बोट ठेवलं. बाप लेकराला मोहात ढकलत नाही, ते काम सैतानाचं, असं त्यांचं म्हणणं. 2019 मध्ये इटालियन मिस्सातली ओळ बदलायला मंजुरीही मिळाली. पप्पांना हे कळलं तेव्हा त्यांनी आईकडे असं पाहिलं, जणू रोमहून निकाल त्यांच्या बाजूने लागलाय.

आई कसली ऐकतेय! रानात चाळीस दिवस उपाशी असलेल्या येशूला सैतान म्हणतो, या धोंड्यांच्या भाकरी कर. तिच्या मते ती परीक्षाच होती. पप्पा म्हणायचे, “भाकरीचा कसला मोह? सैतान नगरचा असणार. ठाण्याचा असता तर बोंबील म्हणाला असता.”

खरं सांगायचं तर चहा सोडणं सोपं आहे. सोडला की चार लोकांना सांगता येतो, वर कौतुकही होतं. मोबाइल सोडायला हवा होता. पण त्यातच बायबल आहे, ही माझी पळवाट. सकाळी दिवसाचं वाचन उघडायला जातो आणि वीस मिनिटांनी भानावर येतो तेव्हा कुणाचं तरी नवं किचन बघत बसलेलो असतो. सैतानाला आता रानात जावं लागत नाही.

पप्पांना जाऊन सहा वर्षं झाली. आता रात्री प्रार्थनेला मी आणि आई, दोघंच. परवा त्या ओळीला आई हळूच ‘मोहात’ म्हणाली. मी चमकून पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते. तेवढ्यात टेबलावर पालथा ठेवलेला मोबाइल थरथरला, आणि पुढची ओळ तिने एकटीनेच म्हटली.