विषाणूनं जमतंय, मग पॉलिमरचा हट्ट कशाला?

नातेवाईक विचारतात, पीएचडीला येणारी पोरं विचारतात, निधीच्या मुलाखतीत समोर बसलेली मंडळी तर हमखास विचारतात. पेशीत जनुक पोचवायचं काम विषाणू चोख करतो, त्यावर औषधं आली, लहान मुलांच्या एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारावरचं ते सोळा कोटींचं इंजेक्शन आलं, तरी तुम्ही कोल्हापुरात बसून त्याच कामासाठी पॉलिमर, म्हणजे रेणूंच्या लांब साखळ्या, कशाला घोटताय? चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या विचारलेल्या प्रश्नाला मीही आजवर उभ्या उभ्याच उत्तर देत आले. आज नीट लिहिते.

आधी एक गोष्ट, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. सोळा कोटींच्या त्या इंजेक्शनमध्ये एएव्ही जातीचा विषाणू असतो. हा विषाणू तयार करताना एचईके २९३ नावाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींमध्ये तीन प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएच्या गोल कड्या, घालाव्या लागतात, आणि त्या आत घालायला कित्येक ठिकाणी पॉलिइथिलिनइमिन, म्हणजे आमचं पीईआयच वापरतात. कागदाच्या कारखान्यात वापरलं जाणारं हे रसायन जनुकं पेशीत पोचवू शकतं, हे १९९५ मध्ये स्ट्रासबर्गच्या गटानं दाखवलं. तेव्हा ‘विषाणू की पॉलिमर’ अशी कुस्ती लावू नका. हे सांगताना माझा आवाज चढतो. चढू दे.

पण कारखान्यातल्या पेशीत जमणं वेगळं आणि माणसाच्या अंगात जमणं वेगळं, हेही मलाच सांगितलं पाहिजे.

पीईआयच्या साखळीत दर तिसरा अणू नायट्रोजनचा. त्यातल्या बऱ्याच नायट्रोजनांवर धनभार, डीएनएच्या फॉस्फेटवर ऋणभार. दोन्ही मिसळले की डीएनए आखडून नॅनोमीटरमध्ये मोजायचे कण होतात. डीएनए विजेच्या ओढीनं जेलीसारख्या पट्टीतून पळवून बघतात, त्या जेलवर हे फार सुरेख दिसतं. नुसता डीएनए खाचेतून निघून पुढे पळतो. पॉलिमर पुरेसं मिसळलं की तो खाचेतच अडकतो. आणखी वाढवलं तर खाचेतला उजेडसुद्धा मावळतो, कारण डीएनए इतका घट्ट बांधला जातो की त्याला चमकवणाऱ्या रंगाला आत शिरायला जागा उरत नाही. ती विझलेली खाच मला आजही आनंद देते. दोन दिवसांनी मायक्रोस्कोपखाली पेशी हिरव्या चमकतात, कारण जेलीफिशकडून घेतलेलं प्रथिन त्या बनवू लागलेल्या असतात. आणि त्याच डिशमध्ये काही पेशी गोल होऊन, तळ सोडून तरंगत असतात. त्या मेलेल्या. जो धनभार डीएनए धरून ठेवतो, तोच पेशीचं आवरण फाडतो. साखळी लांब ठेवली तर जनुक जास्त पोचतं आणि पेशीही जास्त मरतात. आखूड केली तर दोन्ही कमी. माझी निम्मी कारकीर्द या ओढाताणीत गेली आहे.

आता ते सांगते, जे मी मुलाखतींत सांगत नाही.

आमच्या कामावर एका वर्तमानपत्रात चौकटीतली बातमी आली होती. तिचं कात्रण घेऊन पन्हाळा तालुक्यातले एक गृहस्थ लॅबवर आले, सोबत आठेक वर्षांचा मुलगा. लॅबच्या दाराशी चप्पल काढायला पोरगा खाली बसला. उठताना आधी दोन्ही तळहात जमिनीवर, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असा स्वतःच्याच पायांवर चढत तो उभा राहिला. पोटऱ्या मात्र टणक, भरलेल्या. गल्लीतले म्हणायचे, ह्याला तालमीत घाला. वडिलांनी साडीच्या दुकानाच्या पिशवीतून फाईल काढली. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्नायू हळूहळू झिजवणारा आनुवंशिक आजार. डिस्ट्रोफिन या स्नायू टिकवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातले एक्झॉन, म्हणजे प्रथिनाचा मजकूर असलेले तुकडे, ४५ ते ५० गायब.

मी पोराला माझ्या विद्यार्थिनीबरोबर मायक्रोस्कोप बघायला पाठवलं. वडील बोलायला लागले तेव्हा कळलं, की माणूस वाचून आलाय.

“मॅडम, त्या विषाणूत पावणेपाच हजार अक्षरंच बसत्यात. डिस्ट्रोफिनला अकरा हजार लागत्यात. म्हणून ते कापून बारकं करून घालत्यात. खरं न्हवं?”

खरं होतं. असं कापून लहान केलेलं डिस्ट्रोफिन वापरणाऱ्या उपचाराला २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यताही मिळाली.

“टेम्पो लहान पडतोय म्हणून माल कापायचा. आन् तुमच्याकडं ट्रक हाय. मग ट्रक का काढत न्हाई?”

इतका नेमका प्रश्न मला कुठल्या निवड समितीनं विचारलेला नाही. पॉलिमरला खरोखरच मापाची तशी अडचण नाही. मी त्यांना सांगितलं, की आमचे कण शिरेतून दिले तर रक्तातली प्रथिनं त्यांना चिकटतात, गुठळ्या होतात आणि त्या फुप्फुसाच्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात. उरलेलं बरंचसं यकृत टिपून घेतं. स्नायू तर डोक्यापासून पायापर्यंत पसरलेला. आणि समजा स्नायूच्या पेशीत शिरलोच, तरी केंद्रक उरतं. डिशमधली पेशी दर दिवसाला, फार तर दीड दिवसाला विभागते. विभागताना केंद्रकाचं आवरण विरघळतं, तेव्हा आमचा डीएनए आत शिरतो. स्नायुतंतूतली केंद्रकं विभागत नाहीत.

ते थोडा वेळ गप्प राहिले. “म्हणजे ट्रक दारापर्यंत येतोय, दार उघडत न्हाई.”

“हो.”

“कवा उघडंल?”

मी म्हटलं, ठाऊक नाही. तुमचा मुलगा चालतोय तोवर तरी नाही.

त्यांनी कात्रणाची पुन्हा घडी घातली आणि विचारलं, “मग पेपरात का आलं, मॅडम?” रागानं नाही, माहिती विचारावी तसं. आलेली बातमी खोटी नव्हती. पेशी चमकल्या होत्या. मी तेच सांगितलं. तेवढ्यात पोरगा आला आणि हिरवं काय काय दिसलं ते वडिलांना सांगू लागला.

ते गेल्यावर विद्यार्थिनी माझ्याशी भांडली. इतकं स्पष्ट बोलायची गरज होती का? होती, असं मला अजून वाटतं. ज्या माणसानं जनुकाची अक्षरं मोजली, त्याला ‘प्रयत्न चालू आहेत’ म्हणून वाटेला लावणं हा त्याचा अपमान झाला असता. स्टेरॉइड, फिजिओथेरपी, हृदयाची नियमित तपासणी यांतून हाती असलेली वर्षं वाढतात. त्यासाठी न्यूरॉलॉजिस्टकडे वेळेत जायला हवं, हेही मी त्यांना तितक्याच स्पष्टपणे सांगितलं.

खरं भांडण माझं माझ्याशीच आहे. पीएचडी करणारी मी आजच्या मला म्हणते, की १९८७ मध्ये पॉलिलायसिन, १९९५ मध्ये पीईआय, २००० मध्ये पाण्यात आपोआप विघटित होणारे पॉली बीटा अमिनो एस्टर, यातली प्रत्येक पायरी डिशमधल्या पेशी मोजणाऱ्यांनीच बांधली. प्रत्येक डिशला ‘तू कुठलं मूल बरं करणार?’ असं विचारलं असतंस तर एकही बांधली गेली नसती. तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण त्या दिवसानंतर विभागणाऱ्या पेशींतले आकडे एकटे कुठे मांडायला माझा हात धजत नाही, आणि हे तिला पटत नाही.

विषाणूच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. १९९९ मध्ये जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा पेनसिल्व्हेनियात अडिनोव्हायरस या विषाणूतून जनुक देण्याच्या चाचणीत दगावला. त्याच्या शरीरानं विषाणूवरच प्रतिहल्ला चढवला होता. आणि एएव्ही एकदा दिला की अंगात प्रतिपिंडं तयार होतात, त्यामुळे तोच विषाणू दुसऱ्यांदा देणं सहसा जमत नाही. वाढत्या वयाच्या मुलात पहिल्या डोसचा परिणाम ओसरला तर पुढे काय? दुसरा डोस देता येईल असं वाहन कुणीतरी बनवायलाच हवं. ते पॉलिमरचंच असेल असं नाही. कोविडच्या एमआरएनए लशी लिपिडच्या, म्हणजे चरबीसारख्या रेणूंच्या, कणांतून आल्या, आणि त्या आल्या तेव्हा आपण चुकीचा घोडा धरला का, हा विचार माझ्याही मनात आला होता. अजून येतो.

आता नवा प्रस्ताव लिहायचा आहे. विद्यार्थिनीचं म्हणणं, कण आपणहून फुप्फुसात जातात तर फुप्फुसाचा आजार घेऊ, निदान काहीतरी रुग्णापर्यंत पोचेल. तिचा मुद्दा शहाणपणाचा आहे. मला स्नायू सोडवत नाही. मसुद्यात आजाराच्या नावाची जागा अजून रिकामी आहे आणि मुदत जवळ आली आहे.