झाकली मूठ

चर्चच्या उपासनेत अर्पणाची थैली जवळ यायला लागली की माझा हात आपोआप मुठीत वळतो. नाणं असेल तर मूठ थैलीच्या पार तळाशी नेऊन अलगद उघडायची, म्हणजे खणखण होत नाही. नोट असते तेव्हा हात एवढा खोल जात नाही, हेही खरंच. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण शेजारच्यासाठी. ज्याला द्यायचं त्याला आतलं दिसतंच.

यरुशलेमच्या मंदिरात शिंगाच्या आकाराची १३ दानपात्रं होती, असं यहुद्यांच्या मिश्ना या जुन्या नियमसंग्रहात आहे. अशाच एखाद्या पात्रात बायबलमधल्या त्या गरीब विधवेनं जवळ होत्या तेवढ्या दोन्ही टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, टाकली असतील. दोन टोल्या म्हणजे एक दमडी, असा हिशेब शुभवर्तमान लिहिणारा मार्क लगेच देतो. अशा १२८ टोल्या जमल्या की एक दिनार, मजुराचा एका दिवसाचा रोज. मी मात्र दरवेळी ‘दोन’ या शब्दापाशी अडतो. दोन होत्या, म्हणजे एक ठेवता आली असती. निम्मं देवाला, निम्मं घरी. कुणी नावं ठेवली नसती. मी तेच केलं असतं, आणि वर त्याला व्यवहार म्हटलं असतं.

तिची गोष्ट सांगून गरिबांचे खिसे रिकामे करवणाऱ्यांचा मला राग येतो. त्या गोष्टीच्या लगेच आधी येशूनं विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर कोरडे ओढलेत, ते हे लोक वाचतच नाहीत की काय! आणि हिनं सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं, हे येशू बोलला ते शिष्यांना जवळ बोलावून. ती तशीच घरी गेली असावी. आपलं कौतुक झालं हे तिच्या गावीही नसेल.

सेवेचं आणखीच गमतीचं. खिशात पैसे नाहीत हे सांगायची लाज वाटते, पण ‘मला काही येत नाही’ हे आपण अगदी ठणकावून सांगतो. माझा गळा बेसूर, चारचौघांत प्रार्थना करताना शब्द अडखळतात, तेव्हा मी सुटलो! हजारोंची भुकेली गर्दी समोर असताना पाच जवाच्या भाकरी आणि दोन मासळ्या बघून येशूचा शिष्य अंद्रियाही म्हणालाच होता, इतक्यांना त्या कशा पुरणार? ज्या मुलाच्या त्या भाकरी होत्या, तो काय म्हणाला हे योहान आपल्या शुभवर्तमानात सांगत नाही. बहुधा काहीच म्हणाला नसेल.

आमच्या मंडळीत एक आजी आहेत. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे संदेश किती पोचतो देव जाणे. सगळे बाहेर पडले की त्या गीतांची पुस्तकं गोळा करतात. मांडीवर एकेक घेऊन दुमडलेले कोपरे अंगठ्याच्या नखानं सरळ करतात, सुटलेलं पान आत सारतात. त्यांना वेळ लागतो. एकदा मी घाई केली, “आजी, राहू द्या, मी आवरतो.”

त्यांनी हातातलं पुस्तक छातीशी धरलं.

“तू खुर्च्या लाव,” म्हणाल्या.