तुम्ही विचारलंत म्हणून: घरात कुणालाच कसं कळलं नाही?

माझी थ्रिलर वाचून झाली की एक प्रश्न हमखास येतो. "पण इतकी वर्षं एका छपराखाली राहून कुणालाच काही कळलं नाही? जरा ओढूनताणून वाटतं हो." तोंडी उत्तर मी दरवेळी अर्धवटच देते, म्हणून आता लिहूनच टाकते.

कळलेलं असतं. सगळ्यांना. फक्त प्रत्येकाला आपापल्या वाट्याचं तेवढंच, आणि उरलेलं विचारायचं नाही हे न सांगता ठरलेलं असतं.

पहिल्या कादंबरीच्या वेळी हे मलाही ठाऊक नव्हतं. तिच्यात घरातला एकोणीस वर्षांचा मुलगा एका माणसाचा खून करतो, प्रेत घरामागे पुरतो आणि पुढची वीस वर्षं ते गुपित एकटा सांभाळतो. खर्डा एका मैत्रिणीला वाचायला दिला. तिने समासात तीनच शब्द लिहून परत पाठवला : 'चादरी कुणी धुतल्या?'

दोन दिवस मी नुसती चरफडत होते. मग हिशेब मांडला. रक्ताचा डाग गार पाण्यात सुटतो. गरम पाणी ओतलं की रक्तातली प्रथिनं साकळतात आणि डाग कापडाला धरून बसतो. घाबरलेल्या पोराने हाताला लागेल ते कडकडीत पाणी ओतलं असतं. माझ्या खर्ड्यात मात्र चादर स्वच्छ निघाली होती. म्हणजे ती जाणत्या हाताने भिजवली होती, गार पाण्यात, बहुधा पहाटे, कुणी उठायच्या आत. आईने. तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, आणि सकाळी चादर दोरीवर होती.

एकदा चादर हलली म्हटल्यावर बाकीचंही हलायला लागलं. न्यायवैद्यकात कॅस्परचा म्हणून एक जुना ठोकताळा आहे : उघड्यावर एका आठवड्यात प्रेत जेवढं कुजतं, तेवढं कुजायला पाण्यात दोन आठवडे लागतात आणि जमिनीत आठ. (ठोकताळाच तो. माती, ओल, खोली यांनी बराच फरक पडतो.) सावकाश का होईना, खालचं शरीर बसतं, वर सैल भरलेली मातीही दबते आणि जमिनीला खळगा पडतो. पावसात तिथे पाणी साचतं. मग माझ्या घरामागची जमीन वीस वर्षं सपाट कशी राहिली? कुणीतरी भर घालत असणार. वडील! बागेत खपणारा, कमी बोलणारा माणूस म्हणून मी त्यांना उगाच कोपऱ्यात बसवून ठेवलं होतं.

तेव्हापासून कथानकाच्या आधी मी एक तक्ता करते. घरातल्या प्रत्येक माणसाचा एक रकाना. त्यात तीन गोष्टी : याला काय माहीत आहे, इतरांना काय माहीत आहे असं याला वाटतं, आणि हा कुठला प्रश्न कधीच विचारत नाही. तिसरी भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. खुनी कोण, ते पाच मिनिटांत ठरतं.

यात माझी हुशारी काही नाही. ग्रीक नाटककार सॉफोक्लिसच्या 'राजा ईडिपस' या नाटकात दोन हजार चारशे वर्षांपूर्वी हेच आहे. सगळं जाणणारा एक म्हातारा सेवक आहे. ईडिपस राजा झालेला दिसताच त्याने राणीचा हात धरून लांबच्या कुरणांवर बदली मागून घेतली होती! आणि राणीला स्वतःला राजाच्या आधी उलगडा होतो, तेव्हा ती म्हणते, आता पुढे शोधू नकोस. इथे खुनाचा तपास करणाराच खुनी आहे हे सगळे सांगतात. मला तो बदली मागणारा सेवक जास्त आवडतो.

डीएनएमुळे आता अशा गोष्टींत राम उरला नाही, असंही कुणी सुनावतं. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातला 'गोल्डन स्टेट किलर' पकडला गेला तो दूरच्या नातेवाइकांच्या डीएनएवरून वंशवृक्ष मांडून. गुन्हे सत्तर-ऐंशीच्या दशकांतले. खरं आहे. पण डीएनए माणूस कोण ते सांगतो, चादर कुणी धुतली ते नाही. त्यासाठी माणसांच्या आठवणींकडेच जावं लागतं, आणि तिथे वेगळीच गंमत. 1995 मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी 24 जणांना त्यांच्या लहानपणाचे चार प्रसंग वाचायला दिले, घरच्यांनी सांगितलेले म्हणून. त्यातला 'तू दुकानांच्या गर्दीत हरवला होतास' हा बनावट होता. सहाजणांना तो थोडाफार तरी 'आठवला'. माझ्या कादंबरीतल्या धाकट्या बहिणीला म्हणूनच मी खोटं बोलायला लावलं नाही. त्या रात्री दादा तापाने फणफणला होता, असं ती पोलिसांना शपथेवर सांगते, आणि तिला तो ताप खरोखर आठवतो. आईने इतक्यांदा सांगितलेला.

दुसऱ्या खर्ड्यात मुलगा वीस वर्षांनी घरी येतो. भर रात्री मागच्या दाराने बाहेर पडतो. खळगा नाही. जमीन सारखी, वर कोवळं गवत. तो बॅटरी फिरवतो. भिंतीला टेकवलेलं फावडं दिसतं, पात्याला चिकटलेली माती अजून ओली असते. मागे माजघरातला दिवा लागतो आणि लगेच विझतो.

चादरीचा प्रसंग मी छापताना ठेवला नाही. मैत्रीण अजून रागावलेली आहे.