उलट बाजू मांडायचा तास

फिलॉसॉफी ऑफ रिलिजन शिकवतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग तुम्ही देव मानता का? मी विषय बदलतो. वर्गात तर मुद्दामच सांगत नाही, कारण सरांचं मत कळलं की पोरं त्याच चष्म्यातून सगळं वाचायला लागतात. त्यापेक्षा सेमिनारमध्ये एक नियम ठेवलाय, जो जे मानतो त्याने त्याच्या उलट बाजू लढवायची. खरं सांगायचं तर बऱ्याचदा हे मिळमिळीतच होतं.

त्या दिवशी विषय होता दुःखाचा. तत्त्वज्ञ मॅकीने 1955 मध्ये म्हटलं की सर्वशक्तिमान, पूर्ण चांगला देव आणि जगातलं वाईट हे एकत्र बसूच शकत नाही. प्लँटिंगाच्या 1974 च्या फ्री विल डिफेन्सनंतर (म्हणजे माणसाला खरं स्वातंत्र्य द्यायचं तर वाईट वागायची मुभाही आलीच) एवढा कडक दावा फार कमी लोक करतात. मग 1979 मध्ये विल्यम रोने पवित्रा बदलला, अशक्य नाही पण देव नसण्याचीच शक्यता जास्त, असं. त्याचं उदाहरण म्हणजे वीज पडून जंगल पेटतं, हरणाचं पाडस होरपळतं आणि दिवसचे दिवस तडफडून मरतं, बघायलाही कोणी नाही. यातून कुणाचं काय भलं झालं?

रोची बाजू आली वर्गातल्या सगळ्यात श्रद्धाळू मुलीकडे. तिने फ्री विल पहिल्या मिनिटात उडवलं, वीज काय कुणी मनाने पाडली नाही. दुःखातून माणूस घडतो हे जॉन हिकचं उत्तर, तर म्हणे पाडसाने मरून काय घडायचं? समोरचा पक्का नास्तिक, त्याने देवाच्या बाजूने विकस्ट्रा या तत्त्वज्ञाचा 1984 चा पेपर काढला: महिन्याभराच्या बाळाला आईबापांचे हेतू कळतात का, मग देवाची कारणं आपल्याला दिसत नाहीत म्हणून ती नाहीतच कशावरून? चांगला डाव होता, मला वाटलं आता ही अडकली.

तर ती म्हणते, "ठीक आहे, मग देवाच्या वचनावर तरी मी कशाच्या जोरावर विश्वास ठेवू? खोटं बोलायलाही त्याच्याकडे मला न दिसणारं एखादं चांगलं कारण असेलच की!"

हा मुद्दा एरिक वीलेनबर्गने 2010 मध्ये 'रिलिजस स्टडीज'मध्ये मांडलाय आणि तो माझ्या रीडिंग लिस्टमध्ये नव्हता. मी गप्प, मुलगा पण गप्प.

मग त्याने शंकराचार्यांकडे धाव घेतली. त्यांनी ज्यावर भाष्य लिहिलं ते ब्रह्मसूत्र, 2.1.34: ईश्वर पक्षपाती नाही की क्रूर नाही, तो कर्माप्रमाणे फळ देतो. मग पहिलं कर्म कुठून आलं? पुढच्याच सूत्रात उत्तर आहे, संसार अनादी आहे. ती म्हणाली, म्हणजे हिशोब नुसता मागे ढकलत राहायचा. इथे मात्र मी तिच्याशी सहमत नाही, कर्मवादी निदान कारण कोणत्या प्रकारचं आहे ते तरी सांगतो, विकस्ट्रा तेवढंही सांगत नाही. (पाडसाला दोन्हीचा उपयोग शून्य, ते वेगळं.)

तास संपल्यावर म्हणाली, सर, माझी श्रद्धाबिद्धा हलली असं समजू नका हां, फक्त देवाच्या नावावर कच्चं उत्तर खपवलेलं मला चालत नाही. नास्तिकाला कच्चा बचाव ऐकून उलट बरंच वाटतं, भाविकालाच तो जास्त खुपतो, हे मला इतकी वर्षं शिकवून तेव्हा लख्ख दिसलं.

वीलेनबर्गचा पेपर तिला पाठवला. उत्तर आलं की त्याचं एक प्रिमाइस (गृहीतक) ढिलं आहे. मला ते पटलेलं नाही, रिप्लाय लिहितोय अजून.